भिंतीवरचं शिंदीचं झाड

आत्मचरित्र हाती आलं की मी आधी लेखकाचे कान तपासतो. डोळ्यांनी आठवणारे पुष्कळ असतात. ते वाड्याच्या खोल्या मोजतात, माणसांची नाकं-डोळी सांगतात, मिरवणुकीत कोण कुठं उभं होतं तेही त्यांना आठवतं. कानांनी आठवणारे फार थोडे. लक्ष्मीबाई टिळक त्यांतल्या. ‘स्मृतिचित्रे’तली माणसं बोलायला लागली की आपण दाराआडून ऐकतोय असं वाटतं. गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांचं ‘द स्पिरिट्स पिलग्रिमेज’ हे १९६० सालचं इंग्रजी आत्मचरित्र मी उघडलं ते मात्र निव्वळ सेवाग्रामच्या पानांसाठी. वर्ध्याच्या माणसाचं असंच असतं. आपल्या गावाचं नाव जिथं दिसेल तिथून तो पुस्तक वाचायला घेतो. मग उलटा मागं येत पहिल्या पानांवर पोचलो आणि तिथंच अडकलो.

पाच-सहा वर्षांची एक पोर आहे. इंग्लंडात सरे परगण्यात आजोबांच्या मोठ्या घरी वाढतेय. तिच्या मनात अनंताचा विचार येतो, याच्या पलीकडं काय आणि त्याच्या पलीकडं काय, आणि तिचा थरकाप होतो. हीच पोर कधी तरी एकटी असते, भोवती सगळं शांत असतं, अशा वेळी एखाद्या पक्ष्याचा सूर किंवा झाडांतून जाणारा वारा कानावर येतो. मघाशी भिववणारं तेच अज्ञात आता तिला आनंदानं भरून टाकतं. विचार केला की भीती आणि आवाज ऐकला की आनंद, असं हे गणित लेखिकेनं कुठंही शब्दांत मांडलेलं नाही. ती फक्त दोन आठवणी शेजारी-शेजारी ठेवते. सत्तरीकडं झुकलेल्या बाईनं बालपणाकडं वळून बघताना एवढा संयम पाळावा याचं मला अप्रूप वाटलं. आध्यात्मिक आत्मचरित्रांत या जागी हमखास एक साधुपुरुष उगवतो आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवतो. इथं फक्त पाखरू आहे.

ही पोर म्हणजे मॅडलीन स्लेड, पुढची मीराबेन. जन्म २२ नोव्हेंबर १८९२. वडील एडमंड स्लेड ब्रिटिश आरमारात. घरात ते पाहुण्यासारखे. समुद्रावरून यायचे आणि परत समुद्रावर जायचे. १९०७ ते १९०९ ही वर्षं ते आरमाराच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख होते, आणि त्यानंतर ईस्ट इंडीज स्टेशनचे सेनापती, म्हणजे हिंदी महासागरातल्या ब्रिटिश जहाजांचे धनी. पुढं आरमार कोळशावरून तेलावर यायला लागलं तेव्हा, १९१३मध्ये, इराणातल्या तेलाची पाहणी करायला जे मंडळ गेलं त्याचे प्रमुखही हेच. साम्राज्याचं इंधन कुठून येईल हे पाहणाऱ्या माणसाची लेक पुढं शेणामातीच्या घरात राहायला गेली, हा विरोधाभास इतका आयता आहे की तो वापरायचा मोह कुणालाही होईल. लेखिकेला तो झालेला नाही. वडिलांवर तिचं प्रेम आहे आणि त्या प्रेमाला ती कुठंही राजकारणाच्या साक्षीला उभं करत नाही.

पण आरमार तिच्या गद्यात उतरलं आहे, असं मला पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना वाटलं. छोटी छोटी प्रकरणं. कुठून निघालो, कधी पोचलो, हवा कशी होती, बरोबर कोण होतं. जहाजावरच्या नोंदवहीची ही शिस्त आहे. नोंदवहीत कप्तान ‘मला भीती वाटली’ असं लिहीत नाही. वारा कुठल्या दिशेनं होता ते लिहितो, आणि जाणत्याला त्यावरून कळतं की त्या रात्री जहाजावर काय झालं असेल. मीराबेनची चांगली पानं अशी वाचावी लागतात. वाईट पानांत वारा नसतो, भावनाच असतात. त्याबद्दल पुढं.

मुंबईचं उदाहरण घ्या. ही मुंबई पुस्तकात ठळकपणे तीनदा येते. पहिली १९०९ची. मॅडलीन सोळा-सतरा वर्षांची आहे, वडील सेनापती आहेत; बंगला, नोकरचाकर, मेजवान्या, नाच. या सगळ्याचा तिला कंटाळा आहे आणि हिंदुस्थान तिला जवळजवळ दिसतच नाही. दुसरी मुंबई ६ नोव्हेंबर १९२५ची. मार्सेयहून निघालेल्या बोटीतून ती उतरते आणि इथं फार न रेंगाळता दुसऱ्या दिवशी अहमदाबाद गाठते. तिसरी १९३२ची: आर्थर रोडचा तुरुंग. सरकारी दडपशाहीच्या बातम्या परदेशी कळवत राहिल्याबद्दल त्यांना पकडलेलं. एकच शहर, आधी सेनापतीची मुलगी म्हणून, मग आश्रमवासी होण्याच्या वाटेवर, मग कैदी म्हणून. दुसरा कुणी लेखक असता तर तिसऱ्या मुंबईत पोचल्यावर पहिलीकडं वळून बघत एक लांबलचक उसासा टाकला असता. मीराबेन टाकत नाहीत. तीन नोंदी आहेत, मधली रेघ आपण ओढायची.

(नाव बदलेपर्यंत मी त्यांना ‘ती’ म्हणतोय आणि नंतर ‘त्या’, हे वाचकांच्या लक्षात आलं असेलच. पुस्तक वाचताना माझ्याकडून आपोआप तसंच होत गेलं.)

मधल्या वर्षांत बेथोव्हेन आहे. घरी वडिलांनी आणलेल्या यांत्रिक पियानोवर त्याचा एक सोनाटा तिच्या कानी पडतो आणि लहानपणीचं ते पाखरू परत येतं. त्यानंतर पहिलं महायुद्ध. युद्ध संपलं तेव्हा लंडनमध्ये जर्मन म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडायची, संगीतही त्यातून सुटलं नव्हतं. अशा हवेत ब्रिटिश ॲडमिरलची ही मुलगी बेथोव्हेनच्या मैफली भरवायला निघाली. वाजवणारा होता फ्रेडरिक लॅमंड. जातीचा स्कॉटिश, पण बर्लिनमध्ये राहणारा, आणि म्हणून युद्धकाळात जर्मनांनीच रूलेबेनच्या छावणीत डांबून ठेवलेला. दोन्हीकडच्यांना परका ठरलेला वादक आणि दोन्ही बाजूंची पर्वा नसलेली ही आयोजक. युद्धाबद्दल मीराबेनना जे म्हणायचं आहे ते मला या मैफलींत सापडलं. त्या युद्धाच्या विरोधात व्याख्यान देत नाहीत. हॉल ठरवतात, तिकिटं विकतात, पियानो लावून घेतात.

बेथोव्हेनच्या पाठोपाठ रोमाँ रोलाँ. त्याची कादंबरी मुळातून वाचायची म्हणून ती फ्रेंच शिकते, त्याला भेटायला स्वित्झर्लंडात व्हिलनव्हला जाते. पहिल्या भेटीत तिच्या तोंडून धड शब्द फुटत नाही. दुसऱ्या भेटीत रोलाँ सहज सांगतो की मी हिंदुस्थानातल्या एका माणसावर छोटं पुस्तक लिहिलं आहे. ते पुस्तक वाचून होताच तिनं बोटीचं तिकीट काढलं, आणि मग स्वतःलाच थांबवलं. मला पुस्तकातला हा थांबा फार आवडतो. तयारी नसताना जायचं नाही असं ठरवून तिनं वर्षभर स्वतःला घडवलं: मांसाहार सोडला, जमिनीवर झोपायची सवय केली, मांडी घालून बसायला शिकली, कातायला-विणायला शिकली, उर्दूचे धडे घेतले, गीता फ्रेंचमधून वाचली. भक्तीच्या उमाळ्यात निघालेली माणसं मांडी घालायचा सराव करत नाहीत. ही सफरीवर निघण्याआधी शिधा, दोर, शिडं तपासणाऱ्या खलाशाची चाल आहे.

साबरमतीला गांधीजींशी झालेल्या पहिल्या भेटीचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. चरित्रांत, चित्रपटात तोच येतो. मीराबेन सांगतात की त्या क्षणी आपल्याला प्रकाशाखेरीज कशाचंच भान नव्हतं. माझ्या मते हा पुस्तकातला सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत कच्चा प्रसंग आहे. खोली कशी होती, उजेड कुठून येत होता, बाहेर चरखे चालू होते की नाही, यातलं काहीच नाही. जिच्या कानाला वाऱ्याचा सूर कळतो तिला त्या दिवशी काही ऐकूच आलं नाही. हे खरंही असेल, नव्हे खरंच असणार. पण वाङ्मयात खरेपणा पुरेसा नसतो. आणि हेच पुढं अनेकदा होतं. बापू खोलीत आले की मीराबेनचं गद्य उठून उभं राहतं, हात जोडतं आणि गप्प होतं. बापू दौऱ्यावर गेले, किंवा त्यांनी मीराबेनना दूर कुठं धाडलं, की गद्य पुन्हा कामाला लागतं.

म्हणूनच वर्ध्याची पानं या पुस्तकाचा गाभा आहेत असं मला वाटतं, आणि यात गावकीचा अभिमान नाही (थोडा असेल).

साबरमती आश्रम १९३३मध्ये मोडला. जमनालाल बजाजांच्या आग्रहानं गांधीजी वर्ध्याला आले. १९३४च्या डिसेंबरात ग्रामोद्योग संघ निघाला आणि जमनालालजींनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचं बिऱ्हाड लागलं. मगनवाडीला लागून सिंदी नावाचं खेडं होतं. तिथले लोक सकाळी रस्त्याच्या कडेलाच बसायचे. मगनवाडीची मंडळी खराटे आणि बादल्या घेऊन रोज ते उचलायला जायची. गांधीजींचे सचिव महादेवभाई असायचे, मीराबेन असायच्या. गावकऱ्यांनी पुष्कळ दिवस हे नुसतं बघून घेतलं आणि आपला क्रम चालू ठेवला. सिंदीचं यश मोठं नव्हतं. पण सेवेची फळं तुपात तळून वाढणाऱ्या आश्रमीय लेखनात हे पान कोरडं आहे, आणि त्याच्या कोरडेपणामुळंच त्याला चव आहे. भल्या सकाळी कुणाच्याही दारात काही स्वच्छ करायला गेलेल्या माणसाला जे वाटतं, ते सगळं त्यात आहे.

मग शेगाव. आपलं आत्ताचं सेवाग्राम. (त्याच नावाचं गजानन महाराजांचं शेगाव असल्यानं टपालाचे घोळ व्हायचे, म्हणून १९४०मध्ये नाव बदललं.) वर्ध्यापासून आठेक किलोमीटर. वाट म्हणजे काळ्या मातीची पांदण. पावसाळ्यात बंडीची चाकं रुतायची आणि पायातली चप्पल मातीत राहून नुसता पाय वर यायचा. गावाची मालगुजारी बरीचशी जमनालालजींची, वस्ती बहुतेक दलितांची. मीराबेन तिथं आधी एकट्या गेल्या. खेड्यात राहायचं तर कुणाच्या सावलीशिवाय राहू, हा त्यांचा हट्ट होता. आणि मग गांधीजींनीही शेगावात राहायचं ठरवलं. १९३६च्या मार्चमध्ये त्यांनी जमनालालजींना आपल्या अटी कळवल्या: झोपडी मीराबेनच्या झोपडीजवळ असावी, खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, मजूर गावातले घ्यावेत, आणि मीराबेननं माझ्या सेवेत गुंतू नये, तिनं गावचं काम चालू ठेवावं.

शेवटची अट मी अनेकदा वाचली आहे. बाकीच्या अटी पैशाच्या आणि मजुरीच्या. ही एकच काळजाच्या कामाची. देणाऱ्याला ठाऊक होतं आणि घेणारीलाही, की ती पाळणं अवघड आहे.

३० एप्रिल १९३६ला गांधीजी शेगावात आले. आदि निवास उठला. एकच मोठा दिवाणखाना, आणि त्यात बापू, बा, पाहुणे, आजारी, सगळे एकत्र. एका कोपऱ्यात काँग्रेसचं राजकारण, दुसऱ्या कोपऱ्यात कुणाला एनिमा. मीराबेननं बाजूला आपल्यासाठी वेगळी कुटी बांधली. कुडामातीच्या भिंती, वर कवेलू, बांबू, बोरूच्या ताट्या. भोवतालच्या रानात जे मिळतं तेवढंच. त्यात त्यांना गावातल्या लोकांना पिंजण-कताई शिकवायची होती. ही कुटी इतकी साधली, की आदि निवासाच्या गर्दीत जीव मेटाकुटीला आलेल्या बापूंना तीत हलवावं असं ठरलं. थोडी वाढवून ती त्यांना दिली गेली. आज जिला आपण ‘बापू कुटी’ म्हणतो ती ही.

हा प्रसंग मीराबेन कशा सांगतात? पुन्हा नोंदवही. माझी होती, त्यांची झाली. यात त्याग नाही, त्यागाचा आवही नाही. आपण वाचक मात्र हे वाक्य सहज ओलांडून जाऊ शकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा या बाईनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या मनासारखं, स्वतःसाठी काही उभारलं होतं. आजोबांचं घर आजोबांचं, बंगला आरमाराचा, साबरमती आश्रमाची. शेगावची ही एक कुटी तेवढी तिची होती.

मी म्हणेन, मीराबेनचं आत्मचरित्र दोन माध्यमांत आहे. एक कागदावर, दुसरं त्या भिंतीवर. कुटीच्या भिंतीवर त्यांनी ओल्या मातीत हातानं उठावाची चित्रं काढली आहेत: चरखा, ओम् आणि ताडामाडाच्या जातीचं झाड. कुणी त्याला ताड म्हणतं, कुणी खजूर. मला ते शिंदीचंच वाटतं, कारण वर्ध्याच्या नाल्याकाठी शिंदीच दिसते आणि ज्या गावात त्या आधी रोज सफाईला जायच्या त्या गावचं नावही सिंदी. झाडाकडं जवळून बघितलं तर कळतं की रेघ कोरलेली नाही. माती वर चढवून बोटानं दाबत नेली आहे. झावळीची टोकं बारीक होत जातात तिथं बोटाचा दाब कमी झालेला आहे. सराईत मूर्तिकाराच्या हाताला येते ती सफाई इथं नाही. एखादी बाई सारवता सारवता थांबावी आणि हातातल्या मातीनं भिंतीवर काही गिरवावं, तसं ते आहे. आपल्याकडं बायका दिवाळीत, नागपंचमीला भिंतीवर गेरूनं काढतात, त्याच घराण्यातलं. इंग्लंडात सुतारकामाची हत्यारं आवडीनं हाताळणाऱ्या मुलीचा हात इथं मातीला सरावलेला दिसतो.

विचारवंत इव्हान इलिच १९७८मध्ये सेवाग्रामला आला होता. या कुटीत बसून मनात काय आलं त्यावर तो बोलला आणि ते भाषण पुढं जगभर वाचलं गेलं. घर आणि नुसतं सामान ठेवायची वास्तू यांतला फरक त्यानं फार नेमका पकडला आहे. त्याचं भाषण वाचून मी पुन्हा कुटीत गेलो तेव्हा मला एकच गोष्ट खटकली. त्या जागेचं जे मोजमाप आपण गांधीविचार म्हणून वाखाणतो, खिडकीची उंची, बसल्या जागी हाताला येणारं फडताळ, उजेड कुठं पडावा आणि कुठं पडू नये, ते मुळात एका बाईच्या अंगाच्या मापाचं आहे. राहणाऱ्याच्या नावानं कुटी ओळखली जाते हे ठीकच. पण रसिकानं तरी बांधणारीचं नाव घ्यावं.

आता युद्ध. १९४२च्या एप्रिलमध्ये जपानी आरमार बंगालच्या उपसागरात शिरलं. ५ तारखेला कोलंबोवर बाँब पडले, ६ला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर, ९ला त्रिंकोमालीवर. ब्रिटिशांची जहाजं बुडाली. एडमंड स्लेड १९२८मध्येच वारले होते. ज्या पाण्यावर त्यांची हुकमत चालली ते पाणी त्यांच्या आरमाराच्या हातून निसटताना त्यांना बघावं लागलं नाही. त्यांच्या लेकीनं मात्र ते किनाऱ्यावरून पाहिलं. गांधीजींनी मीराबेनना ओरिसात धाडलं. जपानी उतरले तर लोकांनी काय करायचं, याची पाहणी करायला.

तिथून त्यांनी सेवाग्रामला जो अहवाल आणि जे प्रश्न पाठवले ते मला त्यांच्या सगळ्या लेखनात श्रेष्ठ वाटतात. किनाऱ्यावर काय चाललं आहे, कुठली गावं उठवली, नावा आणि सायकली सरकारनं काढून घेतल्यावर लोकांचं काय होतंय. आणि मग प्रश्न, एकामागून एक, नेमके: जपान्यांनी आपल्या नोटा चालवल्या तर लोकांनी घ्यायच्या का? मागं राहिलेल्या जखमींचं काय करायचं? मेलेल्यांचं? गांधीजींचं उत्तर ३१ मेचं आहे आणि त्याचा मथितार्थ कडक आहे: जपान्यांशी संपूर्ण असहकार. पण मला उत्तरापेक्षा प्रश्नांची घडण बघावीशी वाटते. तत्त्वाच्या गोष्टी बोलणाऱ्या माणसाला इतके व्यवहारी प्रश्न विचारायला मोठी पक्की नजर लागते. वडील एकेकाळी आरमाराच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख होते हे मी वर सांगितलंच. मुलीनं वडिलांचा धंदा उचलला, फक्त मालक बदलला.

गोडसे भटजींची आठवण इथं येते. १८५७च्या धुमाळीत तेही बिनहत्यारी अडकले होते आणि लढाईपेक्षा त्यांचं लक्ष विहिरीच्या पाण्यावर, पोटातल्या भुकेवर, वाटेतल्या लुटारूंवर होतं. ‘माझा प्रवास’ आपल्याला जवळचा वाटतो तो त्यामुळंच. मीराबेनच्या ओरिसातल्या नोंदींनाही तीच गोडी आहे. युद्ध म्हणजे नाव गेली, सायकल गेली, शेत गेलं.

त्याच वर्षी १४ जुलैला वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी चालतं व्हावं असा ठराव केला. तो समजावून सांगायला दिल्लीला व्हाइसरॉयकडं पाठवायचं कुणाला? मीराबेनना. लिनलिथगो भेटला नाही. खासगी सचिव लेथवेट भेटला. ॲडमिरलची मुलगी म्हणून ज्या घरात त्यांना मानानं बसवलं गेलं असतं त्याच घराच्या बाहेरच्या खोलीत एका चिटणिसाशी बोलून त्या परत फिरल्या, यात सुडाचा, अपमानाचा केवढा मोठा नाट्यप्रवेश दडलेला आहे. त्यांच्या लिहिण्यात तो नाट्यप्रवेश होत नाही. निरोप पोचवला, परत आले. पुढं ९ ऑगस्टला बापूंबरोबर अटक, आगाखान पॅलेस. त्या डिसेंबरात ओरिसाचा सगळा पत्रव्यवहार त्यांनी कैदेतूनच व्हाइसरॉयला पाठवला, गांधी जपानधार्जिणे आहेत या आरोपाला उत्तर म्हणून. आपण पाठवलेला अहवाल वेळ आल्यावर पुराव्यात दाखल करायचा, ही नोंदवहीवाल्याचीच बुद्धी.

उणिवा सांगायच्या तर पहिली म्हणजे विनोद नाही. लक्ष्मीबाई टिळक स्वतःची फजिती सांगून हसवतात. मीराबेन स्वतःला हसत नाहीत, आणि मांडी घालायचा सराव करणाऱ्या तिशीतल्या गोऱ्या बाईला हसायला जागा पुष्कळ होती. दुसरी, भोवतीची माणसं सपाट आहेत. बा, महादेवभाई, जमनालालजी यांच्याबद्दल प्रेमानं लिहिलं आहे, पण त्यांच्या बोलण्याचा ढंग कानावर येत नाही. पाखराचा सूर टिपणाऱ्या या कानांना माणसांच्या बोलीचा गोडवा फारसा भावला नसावा, किंवा आश्रमात सगळेच एका पट्टीत बोलत असावेत. तिसरी उणीव गंभीर: बापूंबद्दलची ओढ, आणि तीपायी झालेली ओढाताण, या पुस्तकात आहे पण झाकलेली. तिच्यासाठी दुसरं पुस्तक वाचावं लागतं, ‘बापूज लेटर्स टु मीरा’, १९४९चं. गांधीजींनी त्यांना लिहिलेल्या पत्रांतली कितीतरी त्यांनी स्वतःच छापली. त्यांत ते समजावतात, रागावतात, दूर राहायला सांगतात, माझ्या देहात अडकू नकोस म्हणतात. शिष्येनं गुरूच्या कौतुकाची पत्रं छापावीत हे नेहमीचं. कानउघाडणीची पत्रं टिपा देऊन, आपल्या नावानं छापायला छाती लागते. आत्मचरित्रातलं मौन मी त्यामुळं माफ करतो. जे सांगायचं होतं ते त्या आधीच छापून बसल्या होत्या.

हिमालयाची प्रकरणं मी भराभर वाचली हे कबूल करतो. ऋषिकेशजवळचं पशुलोक, भिलंगणेच्या खोऱ्यातला गोपाल आश्रम, चीड पाइनच्या जंगलांनी बांज ओकची झाडं हटवली तर डोंगरातलं पाणी आटेल ही त्यांनी फार लवकर ओळखलेली गोष्ट. त्यावर लिहायला वेगळा लेख हवा. एकच प्रसंग सांगतो. ३० जानेवारी १९४८ला त्या ऋषिकेशकडं होत्या. बातमी आली. त्या दिल्लीला गेल्या नाहीत. शेगावातली ती अट आठवते का, की माझ्या सेवेत न गुंतता गावचं काम चालू ठेव? बारा वर्षांनी ती पाळली गेली.

आणि शेवटाकडं बेथोव्हेन परत येतो. हिंदुस्थानातल्या तीसेक वर्षांत त्यांनी त्याला जवळजवळ बंद करून ठेवलं होतं. मध्ये एकदा, १९३१च्या डिसेंबरात, गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी व्हिलनव्हला रोलाँकडं उतरले, तेव्हा रोलाँनं पियानोवर पाचव्या सिंफनीतला संथ भाग वाजवून दाखवला. दोन प्रेमं एका खोलीत बसली होती, आणि ऐकणाऱ्यांत तिसऱ्या होत्या मीराबेन. इथं मला त्यांनी दोन पानं लिहायला हवी होती. त्यांनी लिहिली नाहीत. पण पहाडात, १९५०च्या दशकात, रोलाँनं पूर्वी पाठवलेलं बेथोव्हेनवरचं पुस्तक त्यांनी उघडलं आणि जुना सूर परत कानी आला. ज्या आवाजानं पुस्तक सुरू झालं त्याच आवाजाशी ते संपतं. मधली सगळी माणसं, युद्धं, तुरुंग, कुटी त्या दोन सुरांच्या मधे आहेत. १९५९मध्ये त्यांनी भारत सोडला. पुढं ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळ, बेथोव्हेन हिंडला त्या रानांच्या आसपास राहिल्या. भारत सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं. २० जुलै १९८२ला त्या गेल्या. ॲटनबरोचा ‘गांधी’ पडद्यावर यायला तेव्हा चार महिने अवकाश होता.

सेवाग्रामला जाल तेव्हा लोक तुम्हाला बापूंची गादी दाखवतील, सापाची पेटी दाखवतील, व्हाइसरॉयनं बसवलेल्या फोनची खोली दाखवतील. सगळं बघा. मग कुटीच्या त्या भिंतीपाशी थोडं थांबा. झाड डोळ्यांनीच बघा, हात लावू नका. माती आहे, सुटते.